बाळकू लोहाराचं ऐकणं

फार फार वर्षांमागची गोष्ट. गारवाडीच्या घाटातून सडक नुकतीच फोडली होती, आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांवरून पहिल्यांदा मालमोटारी चालू लागल्या होत्या. घाटाला अकरा वळणं. वर गारवाडी, खाली तळवली. एका अंगाला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला दरी, इतकी खोल की वरून गाय कोंबडीएवढी दिसायची.

त्या गारवाडीत, अगदी घाटमाथ्यावर, बाळकू लोहाराचा भाता होता. बाळकू बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. एकदा एका मालमोटारीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, बाळकूनं तो तापवून, ठोकून जोडला, आणि तेव्हापासून मोटारवाले त्याच्याकडे थांबू लागले. शिकता शिकता तो मिस्त्री झाला. त्याला शिकवलं कोणी? कोणी नाही. तो ऐकायचा. बाभळीच्या दांडक्याचं एक टोक इंजिनाला लावायचा, दुसरं कानाला, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "हिचं पाणी आटलंय." नाहीतर, "हिच्या पोटात तेल कमी पडलंय." असं म्हणतात, गाडी दोन वळणं खाली असतानाच तो भात्यावरून उठायचा आणि हवा तो पाना काढून ठेवायचा.

एका दुपारी शिरपती नावाचा ड्रायव्हर कौलं भरून आला. बाळकूला पुढच्या डाव्या चाकातून बारीक कुईकुई ऐकू आली.

"शिरपा, थांब जरा. डावं चाक रडतंय."

"रडू दे. परत येताना बघ," शिरपती हसत म्हणाला. त्याला घाई होती.

बाळकूच्या हातात तापलेलं लोखंड होतं. त्याला वाटलं, अजून एकदा हाक मारावी. मग वाटलं, रोजचा ड्रायव्हर आहे, त्याला कळत नसेल का? त्यानं हाक मारली नाही. गाडी उतरणीला लागली आणि बाळकू ऐकत राहिला. एक वळण, दोन वळणं, तीन. सहाव्या वळणावर आवाज थांबला. नुसता थांबला. त्यानंतर दरीतून पक्ष्यांचा एक थवा वर आला.

त्या दिवसापासून बाळकूच्या काळजात भीती बसली ती बसलीच. घाटातून उतरणारी प्रत्येक गाडी त्याला शिरपतीची वाटायची. तो सडकेवर आडवा उभा राहायचा. "उतर खाली. चाकं बघ. हवा बघ. पाणी बघ, पण इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडू नकोस, भाजशील. ज्या गिअरात घाट चढशील, त्याच गिअरात उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, ते तापतात, आणि तापले की धरत नाहीत." ड्रायव्हर हसायचे. भित्रा मिस्त्री म्हणायचे. लांबून त्याला पाहिलं की हॉर्न वाजवत त्याच्या अंगावरून गाडी घालायचे आणि तो शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारायचा.

त्याची बायको भागूबाई त्याच्यापुढे भाकरी ठेवायची आणि तो घास हातात धरून कान टवकारून बसायचा.

"अवं, जेवा की. गेली ती गाडी."

"अजून नववं वळण व्हायचंय."

"साऱ्या जगाच्या गाड्या तुमच्याच का?"

"नाहीत गं. पण ऐकू मलाच येतं."

गाडी तळवलीच्या सपाटीला लागली की मगच घास तोंडात जायचा. तोवर दुसरी गाडी यायची. बाळकू वाळत चालला. आणि एक गोष्ट सगळ्या गारवाडीला ठाऊक होती. दुसऱ्यांच्या गाड्या घाटात सोडणारा हा माणूस शिरपती गेल्यापासून स्वतः एकदाही मोटारीत बसून घाट उतरला नव्हता. तळवलीला काम निघालं तर पायवाटेनं चालत जायचा.

मग तो दिवस आला. गारवाडीच्याच दाजीबा खोतांची पुतणी हौसा, तिचं लग्न तळवलीत होतं. मुहूर्त गोरज. दाजीबांनी कासम नावाच्या ड्रायव्हरची मालमोटार ठरवली होती. मागे सतरंज्या अंथरल्या, चाळीस माणसं चढली, लेकरं, म्हाताऱ्या, वाजंत्री, आणि मधोमध मुंडावळ्या बांधलेली नवरी. ऊन उतरायला लागलं होतं आणि दाजीबा सारखे सूर्याकडे बघत होते.

बाळकूनं चाकांभोवती फेरी मारली. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला त्यानं हात लावला. हात ओला झाला. त्यानं बोटं नाकाशी नेली.

"कासम, ब्रेकचं तेल गळतंय."

कासम माणूस भला होता. तो खाली वाकला, बघितलं आणि त्यानंही बोट लावून पाहिलं. "सकाळी ब्रेक लागत होते, मिस्त्री."

"सकाळी लागले म्हणून संध्याकाळी लागतील असं नसतं. चाक काढतो. दोन तास दे."

"दोन तास?" दाजीबा ओरडले. "मुहूर्त काय तुझ्या पान्यासाठी थांबणार आहे? कासम, गाडी काढ!"

बाळकू पुढच्या चाकासमोर सडकेवर आडवा झाला. चौघांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं. कुणीतरी हसलं, वाजंत्र्यानं पिपाणीचा एक चेष्टेचा सूर काढला. कासमनं एकदा बाळकूकडे पाहिलं, एकदा दाजीबांकडे, आणि गाडी सुरू केली, पण लगेच हलवली नाही.

आता बाळकूनं काय केलं? तो भात्याकडे धावला. लोहाराची ऐरण दोघा धट्ट्याकट्ट्या गड्यांना हलत नाही. असं म्हणतात, बाळकूनं ती एकट्यानं छातीशी धरून उचलली, गाडीच्या मागच्या उघड्या फाळक्यावर ठेवली, जाड साखळीचं एक टोक ऐरणीला आवळलं आणि दुसरं गाडीखालच्या लोखंडाला. आणि मग, फाळक्याची कड घट्ट धरून, तो स्वतः गाडीत चढला.

माणसं बघतच राहिली. हौसा सरकून त्याला जागा देत म्हणाली, "काका, भ्या वाटतंय?"

"वाटतंय, बाय," बाळकू म्हणाला. "लई वाटतंय."

गाडी उतरणीला लागली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. गाणी सुरू झाली. बाळकू ऐरणीला टेकून, डोळे मिटून बसला होता आणि गाण्यांच्या खालून इंजिनाचा आवाज शोधत होता. चौथ्या वळणाला ब्रेकचा आवाज पोकळ झाला. पाचव्याला कासमनं ब्रेक दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. सहाव्या वळणाच्या तोंडाशी त्याचा पाय थेट तळाला गेला आणि गाडी सुटली.

गाणी तोंडातच राहिली. बाळकू माणसांवरून सरपटत पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खिडकीशी तोंड नेऊन ओरडला.

"कासम! गिअर सोडू नको! खालचा टाक!"

"जात नाही!"

"रेस दे आणि टाक! हातब्रेक ओढ, हळूहळू ओढ! डोंगराला घास, दरी बघू नकोस!"

गिअर कर्रकन पडला. गाडीनं हिसका खाल्ला, डोंगराच्या भिंतीला घासली, ठिणग्या उडाल्या. वेग मोडला, पण गाडी थांबेना. समोर सातवं वळण, आणि त्याच्या पलीकडे नुसतं आभाळ.

बाळकू तसाच सरपटत मागे आला, त्यानं ऐरणीला खांदा लावला आणि ती मागे सडकेवर ढकलली.

साखळी ताणली. ऐरण सडकेला कापत फरपटू लागली आणि असा आवाज उठला की तसा त्या डोंगरात आधी कधी झाला नव्हता. असं म्हणतात, तळवलीच्या मांडवातल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. असं म्हणतात, नदीतले मासे काठावर उड्या मारून पडले. सडकेतून धूर निघाला, दगड वितळून लाल झाले. बाळकू फाळक्याबाहेर अर्धा वाकून, साखळी सुटू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून होता, आणि तो सगळा आवाज त्याच्या कानातून जात होता. शेवटी ऐरण सडकेखालच्या मोरीच्या दगडी कठड्यात जाऊन अडकली. गाडी थरथरली आणि उभी राहिली. पुढचं एक चाक दरीवर हवेत फिरत होतं.

मग एकेक करून माणसं मागच्या बाजूनं उतरली, लेकरांना झेललं, म्हाताऱ्यांना धरलं. सगळ्यांना मोजलं, चाळीसच्या चाळीस होते. दाजीबा सडकेवरच बसले. त्यांचा पटका कुठंतरी पडला होता. "मुहूर्त गेला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"गेला तर गेला," हौसा म्हणाली. "माणसं राहिली."

आणि ती बाळकूकडे वळून काहीतरी बोलली. बाळकू तिच्या ओठांकडे बघत राहिला. ती पुन्हा बोलली. त्यानं कानात बोट घालून हलवलं. मग त्याच्या ध्यानात आलं.

त्या दिवसापासून बाळकूला काही ऐकू आलं नाही.

वऱ्हाड पाच वळणं पायी उतरलं आणि लग्न दिवेलागणीनंतर लागलं. बाळकूच्या डोक्यावर एकानं स्वतःचा पटका काढून बांधला. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आधी भीती होती, पण गाडी सुखरूप पोचली की ती थोडा वेळ सरायची. आता गाडी घाटात शिरली की त्याच्यासाठी ती नाहीशीच व्हायची. पोचली की गेली, कळायला मार्ग नाही. तो सडकेवर उभा राहून ड्रायव्हरांच्या चेहऱ्यांकडे बघायचा आणि भागूबाईला विचारायचा, "आवाज येतोय का अजून? येतोय का?"

महिन्याभरानं कासम दुरुस्त गाडी घेऊन आला. बाळकूनं इंजिनाला दांडकं लावलं आणि दुसरं टोक कासमच्या कानाला दिलं.

"तू ऐक. मला सांग."

कासमनं ऐकलं आणि हात हलवला. काही नाही, ठीक आहे.

"नीट ऐक. बोलू नको, घाई करू नको. गाडी सांगते."

कासमनं डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यानं हळूच एक बोट वर केलं. काहीतरी चिरचिरत होतं. दोघांनी पत्रा उघडला. पंख्याचा पट्टा एका कडेनं उसवत आला होता, आणखी पंधरा मैलांत तुटला असता. कासमनं तो बाळकूच्या हातात ठेवला, आणि हौसाच्या लग्नापासून पहिल्यांदा बाळकूनं श्वास पोटभर घेतला.

मग तो प्रत्येकालाच ऐकायला लावू लागला. ड्रायव्हरला, मालकाला, मागे बसलेल्या बाजारच्या बायकांनाही. "माझे कान गेले. आता तुमचे वापरा," म्हणायचा. असं म्हणतात, तो होता तोवर घाटानं दुसरी गाडी गिळली नाही.

बाळकू गेला त्याला किती वर्षं झाली ते कोणाला सांगता येत नाही. सडक रुंद झाली, गाड्या बदलल्या. पण आजही गारवाडीच्या माथ्यावर गाडी आली, ट्रक असो, जीप असो नाहीतर नव्या जोडप्याची चकचकीत कार असो, ती थांबते. ड्रायव्हर उतरून चाकांना हात लावतो, खाली वाकून बघतो. मग पुन्हा आत बसतो, गाणी बंद करतो, काचा खाली घेतो आणि इंजिन चालू ठेवतो. आतली सगळी माणसं गप्प होतात. याला तिथं 'बाळकूचं ऐकणं' म्हणतात. शंभर श्वास होईपर्यंत कोणी बोलत नाही.

मग ड्रायव्हर विचारतो, "कोणाला काही ऐकू आलं?"

आणि मागच्या बाकावरून एखादं चार वर्षांचं पोर म्हणालं की मला काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, तर त्या घाटावर त्याला कोणी हसत नाही. सगळे खाली उतरतात.