उतारावरचे सरळ तास

एका डोंगराच्या उतारावर एका शेतकऱ्याचं रान होतं. नांगर धरावा तर त्यानेच! नांगराने मातीत पडणारे त्याचे तास वरून थेट खालपर्यंत दोरी लावल्यासारखे सरळ. समोरच्या देवळातून लोक बघायचे, वाहवा करायचे, आणि हा मिशीला पीळ द्यायचा.

त्या गावात रान उन्हाळ्यात नांगरायचं, पावसाळाभर मोकळं ठेवायचं आणि पोळ्यानंतर ज्वारी पेरायची, अशी रीत होती. वर्षाची भाकरी तेवढ्यावरच.

शेतकऱ्याच्या सुनेला मात्र चैन नव्हतं. ढग दाटले की तिची घालमेल सुरू. रानात तिने बाभळीच्या खुंट्या ठोकल्या होत्या, मातीच्या बरोबरीने खूण करून. मोठा पाऊस झाला की हातातलं काम टाकून ती धावायची आणि खूण मातीच्या किती वर आली, ते बोटं लावून मोजायची.

"मामंजी, दर मोठ्या पावसाला एक बोट माती जाते. खालच्या कडक मुरमावर आता पाचच बोटं माती उरलीय. पोळ्यापर्यंत पाच मोठे पाऊस सहज होतील. मग पेरायचं कशात?"

"खुंट्या कधी भविष्य सांगतात होय?" सासरा हसला.

"पाणी वर चालतं, मध्यावर पळतं, खाली उड्या मारतं. सरळ तासांनी त्याला आयती वाट मिळालीय. आडवे तास घालू, डोंगराच्या वळणानं."

"वाकडे तास? माझ्या रानात? गाव तोंडात शेण घालील!"

पण सून काही ऐकेना. शेवटी वैतागून त्याने कडेचा एक पट्टा तिला दिला. तिने नवऱ्याला हाताशी घेऊन तो आडवा नांगरला. गाव पोट धरून हसलं. ती मात्र आभाळाकडे बघत जीव मुठीत धरून बसली.

पुष्य बरसला, आश्लेषा बरसल्या, मघा तर कोसळल्याच. पोळा झाला. सासऱ्याने पेरणीची पाभर जुंपली आणि पहिल्याच फेऱ्याला तिचे फण मुरमावर खडखडले. बियाणं नुसतं उघड्यावर सांडलं. कडेच्या पट्ट्यात तेच फण मऊ मातीत रुतले.

म्हाताऱ्याने बैल थांबवले. देवळातून आज कुणी वाहवा केली नाही.

"सूनबाई, तुझा अंदाज खरा ठरला. आता रान पुन्हा भरायला किती पावसाळे लागतील, तेही सांग."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाऊस माती नेतो मामंजी, आणून देत नाही. तेवढी माती व्हायला तुमच्या पणतवंडांचंही आयुष्य पुरायचं नाही."

तात्पर्य काय, तर माती बोटाबोटानं जात असते तेव्हाच मोजावी. मुरूम उघडा पडल्यावर मोजायला काही उरत नाही.