धुक्याखाली पडलेल्या घारी

फार पूर्वी, माणसांनी डोंगरांना नावे देण्याच्याही आधी, एका उंच कड्यावर ससाण्यांचे राज्य होते. खाली खोरे होते, आणि खोऱ्यात कायम धुके भरलेले असे.

एका वर्षी पलीकडच्या डोंगरावरच्या घारी त्या कड्यावर चालून आल्या. त्यांचा डोळा घरट्यांतल्या पिल्लांवर होता. राजाने आयांना पिल्लांसह कपारीत लपवले आणि लढणाऱ्या ससाण्यांना आकाशात धाडले. लढाई बरेच दिवस चालली. कपारी ओलसर होत्या, पिल्लांना ऊन मिळेना, ती खोकू लागली.

मग एका दुपारी मोठी चकमक झाली आणि घारी पांगल्या. ससाणे धापा टाकत दरबारात आले.

"महाराज, मी तीन पाडल्या!" वायुवेग म्हणाला. तो तरुण होता, सगळ्यांत वेगाने झेपावणारा. या लढाईआधी त्याने शत्रू कधी पाहिलाही नव्हता.

"मी दोन!" दुसरा म्हणाला.

"मी चार!" तिसरा ओरडला.

असे करता करता, चालून आल्या होत्या त्याहून जास्त घारी मेल्या. पण आनंदाच्या भरात हे कुणाच्या ध्यानात आले नाही. राजाने एका म्हाताऱ्या ससाणीकडे पाहिले. तिचे नाव करडी. तिने अशा कितीतरी लढाया पाहिल्या होत्या. "करडीमावशी, तुम्ही किती पाडल्या?"

"एक पाडली असेन, महाराज. तीही मेली की नाही, कोण जाणे."

दरबारात हशा पिकला. राजा म्हणाला, "संपलं युद्ध! उद्या सकाळी पिल्लांना घरट्यात आणा. पहारेही उठवा."

"महाराज, एवढ्यात नको," करडी म्हणाली. मग ती वायुवेगाकडे वळली. "पोरा, तू पंजा मारलास, मग काय झालं?"

"घार उलटीपालटी होत धुक्यात गेली."

"आणि नंतर?"

"नंतर काय? दुसरी अंगावर आली, तिच्याकडे वळलो."

"म्हणजे जमिनीवर पडलेली तू पाहिली नाहीस. मीही तरुणपणी अशीच पंख मिटून धुक्यात कोसळले होते. ज्यानं मला पाडलं, त्यानंही घरी जाऊन हेच सांगितलं असेल. मी मात्र खाली जाऊन पंख उघडले."

वायुवेग संतापला. "मावशी, तुम्हाला आमचा मोठेपणा बघवत नाही. मी खोटं बोलतो का?"

"खोटं नाही रे बाळा. तू डोळ्यांनी पाहिलंस तेवढं खरंच आहे. पुढचं तू मनानं जोडलंस. चल, दोघं खाली जाऊन बघू."

"चला! तुमच्यापुढे तिघींचे पंख आणून टाकतो," वायुवेग म्हणाला. राजानेही मान डोलावली.

ऊन कलायच्या आत दोघे धुके फोडून खाली उतरले. नदीकाठच्या वाळूत एकच घार मरून पडली होती. तिच्या अंगावर निरनिराळ्या पंज्यांचे घाव होते. जितक्यांनी तिला पंजा मारला, तितक्यांनी तिला आपली म्हणून मोजले होते.

करडीने चोचीने पलीकडचा काठ दाखवला. झाडांवर घारी दाटीने बसल्या होत्या. कुणी चोचीने जखम साफ करत होती, कुणी पिसे नीट करत होती. एकीचे शेपूट अर्धे उपटलेले होते. वायुवेगाने ती ओळखली. तिला तर त्याने दुपारीच ठार केले होते!

ती घार शेजारणीला सांगत होती, "आज ते विजयाचा जल्लोष करतील. उद्या पिल्लं बाहेर काढतील. मग जाऊ."

वायुवेग तसाच मागे फिरला. कपारीत त्याचीही दोन पिल्ले होती.

दरबारात तो तिच्या आधी पुढे झाला आणि मान खाली घालून म्हणाला, "महाराज, मी तीन पाडल्या म्हणालो. त्यांतली एकही मेलेली मी पाहिली नव्हती. खाली एकच मेलेली आहे. बाकी सगळ्या जिवंत आहेत आणि उद्या येणार आहेत. पिल्लांना बाहेर काढू नका."

कुणी हसले नाही. एकेक करून बाकीचे ससाणेही माना खाली घालू लागले. राजाने आपला हुकूम मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी घारी आल्या तेव्हा घरटी रिकामी होती. त्या गोंधळून घिरट्या घालू लागल्या. तेवढ्यात सूर्याच्या बाजूने ससाणे त्यांच्यावर तुटून पडले. पुढे वायुवेग होता आणि त्याला वाट दाखवायला करडी. घारींची दाणादाण उडाली. या वेळी ससाण्यांनी धुक्यापाशी पाठ फिरवली नाही. पार खोऱ्यापलीकडे, शेवटची घार डोंगराआड जाईपर्यंत ते त्यांचा पाठलाग करत गेले, आणि कितीतरी दिवस तिथे नजर ठेवून बसले. घारी पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हा कुठे कपारी उघडल्या. पिल्ले डोळे मिचकावत बाहेर आली आणि कोवळ्या उन्हात पंख पसरून बसली. वायुवेगाची जोडीदारीण म्हणाली, "केवढं हलकं वाटतंय आज!" तो पिल्लांच्या शेजारी बसला आणि कित्येक दिवसांनी निर्धास्त झोपला.

तात्पर्य: जे पाहिले तेवढेच सांगावे; मनाने जोडलेला विजय शत्रूच्याच उपयोगी पडतो.