ठकूबाईच्या दाराची काटी

एकदा एका माळावरच्या वस्तीत एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य राहत होते. वस्ती शेरडं राखणाऱ्यांची. तिथल्या ठकूबाईने अडलेल्या शेळीचं करडू सोडवलं. ते श्वास घेईना, म्हणून त्याच्या नाकातोंडात फुंकर घातली. वस्तीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तसंच करत आल्या. करडू जगलं नाही. ठकूबाईला मात्र ताप भरला, आणि मागोमाग तिची सेवा करणाऱ्या जावेलाही. वैद्यांच्या काढ्याने दोघी बऱ्या झाल्या आणि त्याच दिवशी वैद्यांनी त्यांच्या दाराला बाभळीची काटी लावली.

"अमावास्या सरेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही." एवढंच बोलून ते वळले.

शिष्य रोज काटीवरून भाकरी द्यायचा. ठकूबाई म्हणायची, "का रं लेका, मी काय मोकाट म्हैस हाय, कुंपण घातलंया? ताप न्हाई, खोकला न्हाई. तिकडं माझी लेक हौसा बाळंत झालीया. पहिलटकरीण पोर! तिच्या लेकराला न्हाऊमाखू कोण घालंल?"

शिष्याने तिची नाडी पाहिली. शांत होती. गुरू मुळ्या आणायला डोंगरावर गेले होते. त्याने काटी ओढून बाजूला केली.

बारशाआधीच हौसाचं बाळ तापाने गेलं.

"बाबा, ती बरी झाली होती हो," डोंगरावरून परतलेल्या गुरूंना शिष्य कसाबसा म्हणाला.

"ती बरी झाली होती, आजार गेला नव्हता. शेरडांचा हा ताप पूर्वीही माणसाला यायचा, पण त्या एकापाशीच विझायचा. यंदा तिची जाऊही आजारी पडली. तिने तर शेळीला हातही लावला नव्हता. तेव्हाच मी जाणलं, या तापाने माणसात बिऱ्हाड केलं. आता त्याला शेरडाची गरज नाही. बऱ्या झालेल्याच्या श्वासात तो दडून राहतो, आणि मायेची माणसंच त्याला घरोघर नेतात."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

वृद्धांनी मुळ्यांची झोळी खाली ठेवली.

"चाळीस वर्षं लोकांनी माझं मुकाट ऐकलं रे. त्याची सवय झाली. काय करायचं ते सांगितलं; का, ते सांगायचा मला कंटाळा आला. तुझी दया आंधळी राहिली, ती माझ्यामुळे."

त्याच दिवशी वैद्यांनी ठकूबाईला सगळं कारण समजावून सांगितलं. दुसऱ्या सकाळी गुरुशिष्य हौसाच्या अंगणाशी गेले आणि लांबच थांबले. लेक उंबऱ्यात रडत होती. ठकूबाई तिच्यापासून दहा पावलांवर, तोंडाला पदर लावून मातीत बसली होती. तिला कोणी अडवलं नव्हतं.