इरावती आणि शापित कंठा

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. त्याचा थोरला मुलगा मकरंद तापाने गेला. राजवाडा रडला, धाकटी इरावती मात्र रडली नाही. ती भर दरबारात भावाचं नाव मोठमोठ्याने घेई, कोणी गप्प करू लागलं तर लाथा झाडी. दासी म्हणत, "पोरीचं काळीज दगडाचं आहे."

राजाला दुःख सोसवेना. त्याने खजिन्यातला शापित कंठा गळ्यात घातला. दुःख तत्काळ गेलं, पण त्यासोबत मुलाची आठवणही गेली. राज्यात फळं पिकेनाशी झाली, गाई आटल्या.

खजिन्याचा राखणदार पोपट इरावतीला म्हणाला, "कंठा किल्लीशिवाय गळ्यातून निघत नाही. ती कालजंघ मांत्रिकापाशी मिळेल. जाशील?"

"जाईन."

काळ्या तळ्याकाठी मांत्रिक बसला होता. म्हणाला, "तीन कामं कर. आधी डोंगरावरचं अग्निफूल आण."

फुलाला नागाचा वेढा होता. "बाजूला हो!" इरावती ओरडली. इतक्या मोठ्याने त्याच्यावर कधी कोणी ओरडलं नव्हतं. तो बाजूला झाला.

"आता बोलत्या विहिरीचं पाणी आण."

विहिरीतून मकरंदचा आवाज आला, "इरावती, आत ये." तिचा पाय काठावर गेला. तिथेच ती थबकली. "दादा मला चिमणे म्हणायचा," ती म्हणाली आणि घागर भरून निघाली.

"आता या वाटीत एक आसू गाळ."

"मला रडू येत नाही."

"मग तुला दुःख कसलं?"

"दादा गेला, आणि त्याच्याबद्दल माझ्याशी कोणी बोलत नाही. म्हणून मी ओरडते."

मांत्रिकाने वाटी दोघांच्या मध्ये ठेवली. "माझ्याशी बोल," तो म्हणाला.

ती बोलू लागली. दादा सोंगट्यांत लबाडी करी, विजेला घाबरे, स्वतःच्या ताटातला लाडू तिला देई. सांगून झालं तेव्हा मांत्रिकाचाच आसू वाटीत पडला. त्याची किल्ली झाली.

इरावतीने परत येऊन कंठा उघडला. राजाचं दुःख पुराच्या लोंढ्यासारखं परतलं. "माझा मकरंद!" म्हणत त्याने हंबरडा फोडला. मग लेकीला जवळ ओढून म्हणाला, "तू त्याचं नाव घेत होतीस, आणि आम्ही तुलाच दगड म्हणालो. चुकलो, बाळ."

"बाबा, तो तान्हा असताना कसा होता? मी तेव्हा नव्हते."

राजा सिंहासनावरून उतरला, पायरीवर बसला आणि सांगू लागला. बागेत आंबे पिवळे झाले, गोठ्यांत दुधाच्या चरव्या भरल्या. दरबारी खोळंबले होते, पण राजाने त्या दिवशी दुसरं कुठलंच काम हाती घेतलं नाही.