टिटवीची हाक

ही गोष्ट फार जुनी नाही. माणसांच्या हाती मोबाइल आले, तेव्हाची आहे. एक पोपट मोबाइलच्या दुकानातल्या पिंजऱ्यातून सुटून माळावर परत आला. येताना तिथल्या पोरांचे वाहवा करायचे दोन शब्द घेऊन आला, "विषय हार्ड!"

चिंच पिकली, विषय हार्ड. साळुंकीला पिल्लं झाली, विषय हार्ड. होल्याची म्हातारी आई वारली, तर भेटायला आलेलेही तेच म्हणून गेले.

माळाची राखण टिटवीकडे होती. मांजर दिसलं की ती ओरडायची, "मांजर! उडा!"

पोपट म्हणाला, "मावशी, किती गावठी! जरा ट्रेंडिंग बोल की."

टिटवी लाजली. दुसऱ्या दिवशी मांजर आलं, तेव्हा ती जीव तोडून ओरडली, "विषय हार्ड!"

"विषय हार्ड!" सगळ्या माळाने खुशीत उत्तर दिलं. कोणी जागचं हललं नाही. मांजराने पोपटाचं शेपूट धरलं.

"मांजर! मेलो! वाचव गं मावशी!"

हे मात्र सगळ्यांना कळलं. पाखरं मांजरावर तुटून पडली. पोपट सुटला, शेपूट मांजराकडेच राहिलं.

सकाळी साळुंकीच्या पिल्लाने विचारलं, "राघूमामा, शेपूट कुठंय?"

"मांजराने उपटलं."

"विषय..." पिल्लू म्हणू लागलं. टिटवीने नुसतं वळून पाहिलं.

"फार दुखतंय का, मामा?" पिल्लाने विचारलं.