हौसाआत्याचा ओढा

“...आणि म्हणे उजाडायच्या आत ती ओढ्यावर जाते, तिथं गुपचूप काहीतरी पिते, आणि मग दिवसभर तिला...”

एवढंच गोजराच्या कानावर पडलं. पुढचं सगळं एका भरल्या गाडीच्या खडखडाटात गेलं, आणि गाडी पुढे जाईपर्यंत बोलणारीही निघून गेली होती.

त्या मुलखात सगळी चाकंच राहत असत. बाभळीच्या लाकडाची, बारा-बारा आऱ्यांची, कडेनं लोखंडी धाव बसवलेली. एका आखाला दोन, अशी जोडीनं त्यांची घरं. रोज सकाळी गावाच्या तळाशी त्या दिवसाचं ओझं रचून ठेवलेलं असे, आणि दिवे लागायच्या आत ते वरच्या माळावर पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. ओझं कोण रचतं आणि गाडी कोण ओढतं, हे कुणी विचारत नसे. ओझं चढलं की चाकं फिरू लागत. सकाळी बघावं तर सगळा मुलूख पळत सुटलेला, आणि दुपारी बघावं तर अर्ध्या चढावर, तिथल्या एकुलत्या एका लिंबाखाली, निम्मी चाकं आडवी पडलेली. कुणाचे आरे खिळखिळे झालेले, कुणाची धाव निसटून उतारावरून गडगडत थेट गावात. घरी राहिलेल्यांना ती धाव बघूनच कळे, आज कुणाचं काय झालं ते.

“दगड फार झालेत रस्त्यात,” असं सगळे म्हणत. दगड होते तेवढेच होते.

गोजरा त्या मुलखातली मधल्या वयाची चाकबाई. कुणाच्या लाकडाला कीड लागलीय, कुणाच्या जोडीत अबोला आहे, कुणाचा आख वाकलाय आणि तो सरळ असल्याचं सोंग कोण करतंय, हे तिला त्या-त्या घराच्या आधी ठाऊक असे. त्यामुळे ओढ्यावरची गोष्ट तिच्या फार जिव्हारी लागली. कारण ती गोष्ट हौसाआत्याची होती, आणि हौसाआत्या तिची सख्खी शेजारीण. मध्ये कुंपण म्हणून एक तुरकाट्यांचं कुडण, बस. तीस वर्षांची शेजारीण, आणि तिची बातमी अर्धीमुर्धी, तीही दुसऱ्याच्या तोंडून!

हौसाआत्या मुलखातलं सगळ्यांत जुनं चाक. तिच्या लाकडावर इतक्या रेघा होत्या की नव्या चाकांना ती नक्षी वाटे. पण लिंबाखाली तिला कुणी आडवं बघितलं नव्हतं. सकाळी चव्हाट्यावरही कुणी बघितलं नव्हतं. ती आणि तिचा जोडीदार सगळ्यांच्या मागून निघत आणि दिवे लागायच्या सुमाराला वर पोचलेले असत.

इतरांची सकाळ चव्हाट्यावर सुरू होई. ऊन तोंडावर आलं की चाकं दचकून जागी होत आणि तशीच घरंगळत तिकडे जात. तिथं एका भल्या मोठ्या रांजणात वंगण भरलेलं असे, काळं, चकचकीत, वासानंच अर्धी झोप उडवणारं. एक हात अंगाला लागला की चाकाला वाटे, आपण आता डोंगरही ओलांडू. रांजणापाशी रात्रीच्या सगळ्या बातम्या मिळत. कुठल्या वाटेवर कुणाची गाडी उलटली, पलीकडच्या मुलखात काय जळालं, कोण कुणाला काय बोललं. बातम्या ऐकता ऐकता वंगणाचा दुसरा हात होई.

“चला, अर्धा-अर्धा हात अजून घेऊ,” हातगाडीची ठकूबाई म्हणे. “एकावर भागतंय होय कुणाचं?”

मग सूर्य चांगला वर आलेला दिसे आणि सगळ्यांची एकच पळापळ. दुपारपर्यंत त्या वंगणावर रस्त्याची धूळ बसून त्याची खळ होई, आणि ज्या हातानं चाक सकाळी सुळसुळत गेलं, त्याच हातानं ते आता करकरत अडे.

गोजराला ही बातमी पुरी हवी होती, त्याला आणखीही एक कारण होतं. त्या मुलखाचा कायदा असा की चढावर जिची धाव तीनदा निखळली, तिला आखावरून उतरवून परसातल्या भिंतीला टेकवायचं आणि तिच्यावर दोडक्याचा वेल सोडायचा. त्या भिंतीपाशी पाच-सहा चाकं होती. “आराम आहे हो,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. फुलं पिवळीधमक येत. पण बाजूच्या रस्त्यानं भरली गाडी गेली की ती मध्येच बोलायची थांबत आणि खडखडाट विरेपर्यंत थांबलेलीच राहत.

गोजराची धाव दोनदा निखळली होती. दुसरी खेप कालचीच. दौलतराव म्हणजे मुलखाचं कारभारी चाक, स्वभावानं वाईट नव्हते. ते नुसतं म्हणाले, “रखमाजी, अजून एकदा झालं तर मला काही करता यायचं नाही.” आणि दुसरीकडे बघू लागले.

रखमाजी हा गोजराचा जोडीदार. तीस वर्षं एका आखाच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो. तिला उतरवलं की त्याला दुसरं कुणीतरी जोडीला मिळणार होतं, नवं, घट्ट धावेचं. त्यानं त्यावर एवढंच म्हटलं, “माझ्या कुरकुरण्याची सवय व्हायला तुला तीन वर्षं लागली. आता त्या नव्या पोरीला कोण समजावणार?”

गोजरा त्यावर हसली.

“अहो,” ती म्हणाली, “उद्या उजाडायच्या आत उठायचं. आत्या ओढ्यावर काय पिते ते बघायचं.”

“तू जा की.”

“मी एकटी कशी जाणार?”

एका आखावरच्या चाकांची हीच पंचाईत. त्यांना एकेकटं कुठं चोरून जाताच येत नाही. एकाला हेरगिरी करायची तर दुसऱ्यालाही झोपमोड करून हेरगिरी करावी लागते. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना दोघं कुडणाच्या आडोशानं निघाली. रखमाजी दर वळणाला कुरकुरत होता आणि गोजरा दर वळणाला “हळू, हळू” म्हणत होती. दोहोंत तिचाच आवाज मोठा होता.

ओढ्यापाशी करंजाच्या आड ती थांबली. आत्या आणि तिचा जोडीदार पाण्यात उभे होते. नुसते उभे. ना कुठली कुपी, ना मुळी, ना गडव्यातलं काही. बऱ्याच वेळानं दोघं पावभर वळली आणि पुन्हा उभी राहिली.

“ये गं गोजरे,” मागे न बघता आत्या म्हणाली. “कुडणातून बघून बघून तुझे डोळे दुखले असतील. रखमाजी, तू पण ये, बिचाऱ्याची झोप मोडली.”

गोजरा ओशाळली, पण ओशाळून परत जाणाऱ्यांतली ती नव्हती.

“आत्या, लोक म्हणतात तू इथं काहीतरी पितेस.”

“पिते की.”

“काय?”

“पाणी.”

“आणि?”

“आणि काय? पाणी.”

गोजराला अगदी फसवल्यासारखं वाटलं. तीस वर्षांच्या शेजाराला हे गुपित? यापेक्षा त्या अर्ध्या वाक्यात जास्त मजा होती.

“असं का उभं राहायचं पण?”

“मला काय कळतंय त्यातलं. माझ्या आईनं उभं केलं, तशी राहते. लाकूड रात्रभर तहानेलं असतं, आकसून बसतं. ते पिऊन फुगलं की धाव आपली आपण घट्ट बसते, असं ती म्हणायची. चारी बाजूंनी पावपाव वळायचं. घाई केली तर एक बाजू कोरडी राहते, आणि दुपारी नेमकी तीच बाजू दगडावर येते.”

एवढं तर कुणीही करील, असं गोजराला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या हौसेनं उठली. पण तीस वर्षांची सवय अशी की अंग आधी चव्हाट्याकडे वळलं. वाटेत जराशा बातम्या, जरासं वंगण, दोन हात, वर ठकूनं प्रेमानं दिलेला अर्धा. मग ती ओढ्यावर धावली, पाण्यात उतरली, गर्रकन एक फेरा घेतला आणि निथळत बाहेर आली. रखमाजीला तर नुसते शिंतोडे मिळाले. वंगणावरून पाणी मोत्यांसारखं घरंगळून गेलं. लाकडाला त्याचा पत्ताही लागला नाही.

त्या दिवशी लिंबाच्या जरा खाली तिची धाव वाजू लागली. टक्, टक्, टक्. दर फेऱ्याला एकदा. गोजराला तो आवाज ओळखीचा होता. दोन्ही खेपांना तो असाच सुरू झाला होता. दोडक्याची पिवळी फुलं तिच्या डोळ्यांपुढे आली.

“गोजरे, माझ्यावर भार टाक,” पलीकडून रखमाजी म्हणाला.

“तुमच्या बाजूनं आख जाईल.”

“जाईना. टाक.”

त्यानं आपल्या बाजूला इतका कल घेतला की गाडी वाकडी होऊन चालू लागली. बघणारे हसले. धाव निम्मी बाहेर आली होती, तरी निखळली नाही. माळावर पोचेपर्यंत दिवे लागून गेले होते. दौलतरावांनी धावेकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाले, “उद्या मोठं ओझं आहे. जत्रेचं.”

गोजरा घरी आली ती सरळ कुडणापाशी गेली.

“आत्या, तुझं पाणी लागत नाही.”

आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. “रांजणावर आधी गेलीस ना?”

“जरा.”

“अगं, तेल चोपडलेल्या अंगाला किती न्हाऊ घालशील? आधी पाणी. मग अंग झटकायचं, रिकामं दोन फेरे हळू फिरायचं, आणि आखाला वंगणाचं एक बोट. आखाला, अंगाला नव्हे. बातम्या कुठं पळून जात नाहीत. संध्याकाळी जास्त मुरलेल्या मिळतात.”

जत्रेच्या दिवशी दोघं काळोख विरळ होतानाच पाण्यात उतरली. पाणी थंडगार होतं. रखमाजी दोनदा शिंकला. बारके मासे येऊन आऱ्यांना चाटू लागले. हळूहळू गोजराला आपल्या लाकडातून काहीतरी वर चढतंय असं वाटू लागलं, चुळबुळ करत, कोपऱ्याकोपऱ्यात शिरत. इथवर सगळं छान होतं. मग चव्हाट्याकडून गलका सुरू झाला.

ठकूबाईचा आवाज तर स्पष्ट येत होता. “अगं बाई, खरंच? मग ती काय म्हणाली?” आणि मग सगळ्यांचा हशा. कोण काय म्हणाली? कुणाला म्हणाली? गोजराचा एकेक आरा तिकडे ओढ घेऊ लागला. तिनं आत्याकडे बघितलं, निदान हिनं तरी काही बोलावं म्हणून. आत्या डोळे मिटून उभी होती.

“जायचं का?” रखमाजीनं विचारलं. त्याला तिची नस ठाऊक होती.

गोजरानं चव्हाट्याकडे बघितलं, मग अजून कोरड्या राहिलेल्या आपल्या बाजूकडे.

“पावभर वळा,” ती शेवटी म्हणाली.

सगळ्यांच्या मागून ती निघाली. चढावर पोरसवदा चाकं तिला ओलांडून गेली. ठकू जाता जाता ओरडली, “गोजराताई, आज ओझं वाहायला निघालीस की फिरायला?” ऊन वाढलं. जत्रेचं ओझं आरे दाबत होतं. लिंबाखाली पोचली तेव्हा ओळखीची सगळी मंडळी तिथं आडवी होती, अंगावर काळी खळ धरून धापा टाकत. नुकतीच एक धाव उतारावरून गडगडत निघाली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

गोजरानं कान देऊन ऐकलं. तिच्या धावेचा आवाज येत नव्हता. नुसती घरघर होती, जात्यासारखी, एका सुरात.

“काय गं?” रखमाजीनं विचारलं.

“काही नाही. चला.”

लिंबापाशी ती थांबली नाही. नाही म्हणायला, कोण कोण पडलंय हे जाता जाता तिनं नीट बघून घेतलं.

सूर्य टेकला तेव्हा ती दोघं माळावर होती. दौलतराव आले. त्यांनी धावेवर एक टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला, लांबवर गेला. त्या टिचकीनं त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी उगीचच अजून एक मारली.

थोड्या वेळानं ठकूबाई लंगडत वर पोचली. आल्या आल्या ती गोजराला चिकटून बसली.

“ताई, खरं सांग. ती आत्या उजाडायच्या आत ओढ्यावर जाते, गुपचूप काहीतरी पिते, आणि मग दिवसभर तिला थकवा म्हणून येत नाही. खरं का?”

असं होतं तर ते उरलेलं वाक्य. गोजरानं ते मनातल्या मनात पहिल्या अर्ध्याला जोडून बघितलं.

“ओढ्यावर जाते हे खरं,” ती म्हणाली. “पिते हेही खरं. गुपचूप वगैरे काही नाही. त्या वेळी आपण सगळ्या झोपेत, नाहीतर रांजणाभोवती असतो, बघणार कोण? आणि थकण्याचं म्हणशील, तर आत्या तिकडे घोरतेय बघ. माझे बाराच्या बारा आरे ठणकतायत. यांना विचार.”

रखमाजी उत्तर देण्याच्या पलीकडे गेला होता. तो झोपेत कुरकुरत होता.

“मग उपयोग काय त्याचा?” ठकू हिरमुसून म्हणाली.

गोजरा काही बोलणार, तेवढ्यात तिनं दमून अंग सैल सोडलं. लाकूड जरासं कुईं करून बसलं. आरा आणि कड जिथं मिळतात, तिथल्या सांध्यातून एक थेंब हळूच वर आला, धावेवरून घसरला आणि दिवसभर तापलेल्या धुळीत पडला.

ठकू वाकून त्या एवढ्याशा ओल्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वर करून आभाळ बघितलं. तिथं एक ढग नव्हता. आणि त्या माळावर ना ओढा होता, ना विहीर.