न दचकणारा राजपुत्र

पूर्वी वेणुवती नगरीत राजा रणंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा मंगलहत्ती होऊन जन्मला होता. सोन्याची अंबारी त्याची आणि उसाचा पहिला भाराही त्याचाच.

राजाचा एकुलता एक मुलगा सुनीथ आठ वर्षांचा. हत्तीखान्यातले चंपक नावाचे पिल्लू त्याचा जिवलग. चंपकने चिखलाचा फवारा उडवावा आणि सुनीथने खिदळत बापाच्या कुशीत शिरावे, हा रोजचा खेळ. पण साधा नगारा वाजला तरी दोघे दचकत, आणि राजाला ते खुपे. त्या देशी रीत अशी, की लढाईच्या हत्तींना लहानपणीच, अपराध्यांना मारतात त्या वधस्थानी नेऊन उभे करायचे, म्हणजे त्यांची भीती मोडते. राजाने पिल्लाबरोबर मुलालाही धाडले.

सुरुवातीला दोघांनी आकांत केला. पुढे दोघे गप्प झाले. कानाशी नगारा बडवला तरी पापणी हलेना. "वाघाचे काळीज हो!" प्रधान म्हणाले. कौतुक करताना प्रधानांचा हात कधी आखडत नाही.

राजा हरखला. विजयोत्सवाच्या दिवशी राजपुत्राने मंगलहत्तीवर बसून, सगळ्या प्रजेदेखत वधस्थानी जावे असे ठरले. पण बोधिसत्त्व गुडघे टेकीना.

"ओंडके ओढायला धाडीन!" राजा गरजला.

"ओढीन, महाराज. पण या लेकराला तिथे नेणार नाही."

"अरे, तो आता कशालाच भीत नाही!"

"चंपकपुढे ऊस टाका."

ऊस टाकला. तो पिल्लाच्या पायाशी तसाच पडून राहिला.

"आता मुलाला जवळ बोलवा. नुसते बोलवा."

राजाने हात पसरले. पूर्वी हा मुलगा धावत येऊन अंगावर आदळत असे. सुनीथ सावकाश आला, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आज्ञा, महाराज."

तात नाही, महाराज. राजाने पसरलेले हात खाली घेतले.

"भीती गेलेली नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "ती आत जाऊन बसली आहे, आणि हसू तिने आपल्यापाशी ठेवून घेतले आहे. माझी अंबारी काढा. मी यांना रोज नदीवर नेईन."

राजाने ती रीत त्याच दिवशी बंद केली. अंबारी दुसऱ्या हत्तीवर चढली, उसाचा पहिला भाराही तिकडे गेला.

नदीवर बोधिसत्त्व काहीच करीत नसे. पाण्यात उभा राही आणि दोघे त्याच्या सावलीत बसत. खेळा म्हणून कोणी म्हणायचे नाही. "काही फरक?" असे प्रधानांनी विचारले की तो सांगे, "आज पाणी गार होते."

पावसाळा गेला, हिवाळा सरत आला. एके दुपारी काठावरची वाळकी फांदी कडाडून मोडली. चंपक दचकला आणि बोधिसत्त्वाच्या पोटाखाली शिरला. त्याच्यामागून सुनीथही शिरला आणि हमसून हमसून रडू लागला. दासी गप्प करायला धावल्या.

"रडू द्या," बोधिसत्त्व म्हणाला.

राजा भरजरी वस्त्रांनिशी पाण्यात उतरला. मुलाने त्याच्या गळ्याला मिठी मारली.

"तात, वधस्थानी त्या माणसाने मरण्याआधी पाणी मागितले होते. कोणी दिलेच नाही."

राजा मुलाला धरून तिथेच रडला. मग त्याने त्या हत्तीच्या पायाला हात लावला.

सुनीथ पुढे राजा झाला. बोधिसत्त्व म्हातारा होऊन बसला, नदीपर्यंत जाववेना, तेव्हा सुनीथ रोज स्वतः घागर खांद्यावर घेऊन येई. त्याला पाणी पाजल्याशिवाय स्वतःच्या तोंडी घोट घालीत नसे.

ही कथा भगवान शास्त्याने एका लहान श्रामणेराकडे, नुकतीच दीक्षा घेतलेल्या मुलाकडे, पाहून सांगितली. लुटारूंनी त्याचे गाव त्याच्या डोळ्यांदेखत जाळले होते. तो तासन्‌तास न हलता बसे, आणि भिक्षू म्हणत, "एवढ्याशा वयात केवढी ही समाधी!"

"भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे याला इथे घेऊन आलेला याचा मामा. चंपक म्हणजे याच्याशेजारी निजणारा श्रामणेर भद्रक. सुनीथ म्हणजे हा मुलगा, आणि मंगलहत्ती मीच होतो. म्हातारपणी याने माझी तहान भागवली. ते मी विसरलेलो नाही."

एवढे बोलून शास्त्याने आपल्या पात्रातले पाणी त्याच्यापुढे धरले. ते घेताना पाणी सांडले, आणि मुलाचे डोळेही वाहू लागले. या वेळी त्याला कोणी गप्प केले नाही.

या जातकात करुणेची थोरवी सांगितली आहे, आणि ती करुणा न विसरणाऱ्या कृतज्ञतेची.